हा खोकला नेमका कुणाचा?

"ताई, सिगरेट होती तोवर एवढा खोकला नव्हता हो."

काउंटरवर कोपर टेकवून काका सांगत होते, आणि सांगता सांगताच त्यांना उबळ आली. तोंडाला रुमाल, डोळ्यांत पाणी, दुसऱ्या हातात पेनासारखी निळी वेप, म्हणजे ई-सिगरेट. काका मूळचे मिरजेचे. इंग्लंडात लेस्टरला बस चालवतात, तीस वर्षं रोज एक पाकीट ओढलेलं. मी तिथल्याच एका औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट. सिगरेट सोडून त्यांना नऊ दिवस झाले होते आणि नवव्या दिवशी त्यांचं मत पक्कं झालं होतं की आपल्या छातीला सिगरेटच मानवत होती.

हे मी महिन्यातून दोन-चारदा तरी ऐकते. कुणाचा घसा खवखवतो, कुणाचा आवाज बसतो, कुणाला रात्री कोरडी ढास लागते, कुणाचा इतका बेडका सुटतो की ते घाबरतात. त्यातले काहीजण त्याच आठवड्यात पुन्हा पाकीट घेतात, आणि वाईट त्याचं वाटतं. वेप चांगली की वाईट या वादात मला इथे शिरायचं नाही. वेपवर आल्यानंतर सुरू झालेला खोकला नेमका कुणाच्या खात्यावर मांडायचा, एवढंच सांगायचंय. कारण त्याचे मालक एकाहून जास्त आहेत.

भारतातल्या वाचकांना आधीच एक सांगते. 2019 च्या कायद्याने भारतात ई-सिगरेट बनवणं, परदेशातून आणणं, विकणं, साठवणं, तिची जाहिरात करणं, सगळं बंद आहे. इंग्लंडात उलटं आहे. इथली सरकारी आरोग्यसेवाच सिगरेट सोडायचं साधन म्हणून वेपचं नाव घेते. लेस्टरच्या धूम्रपान सोडवणाऱ्या सेवेने तर 2014 मध्येच वेप घेऊन येणाऱ्यांसाठी दार उघडलं होतं. तेव्हा पुढचं सगळं इंग्लंडातल्या, नियमात बसणाऱ्या वेपबद्दल आहे. टपरीमागून चोरून मिळणाऱ्या पॉडमध्ये, म्हणजे छोट्या वेपमध्ये, काय भरलंय हे तपासणारं कुणीच नसतं. तिथे यातला निम्मा हिशोब लागू पडत नाही.

धूर वेगळा, ही "वाफ" वेगळी

सिगरेट जळते. झुरका मारताना तिच्या टोकाचं तापमान 900 अंश सेल्सियसच्या आसपास जातं, आणि त्या जळण्यातून 7000 हून जास्त रसायनं तयार होतात. त्यातली सत्तरेक कर्करोगाशी जोडलेली आहेत. शिवाय फुप्फुसात बसणारं डांबर, आणि रक्तातल्या प्राणवायूची जागा बळकावणारा कार्बन मोनॉक्साइड.

वेपमध्ये काही जळत नाही, निदान जळायला नको. बॅटरी एका बारीक तारेच्या वेटोळ्याला, म्हणजे कॉइलला, तापवते. कॉइलभोवती कापूस असतो आणि कापूस एका पातळ द्रवात भिजलेला असतो. दोनशे-अडीचशे अंशांच्या आसपास तो द्रव उडतो आणि बाहेर पडताना थंड होऊन त्याचे बारीक बारीक थेंब बनतात. आपण ओढतो ते हे थेंब. द्रवात चारच गोष्टी मुख्य: प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटीन आणि चवीचा अर्क.

"वाफच तर आहे, सर्दीत घेतो तशी," असं एकाने मला ऐकवलं होतं. नाही. सर्दीत आपण पाण्याचा वाफारा घेतो, त्याने घसा ओला होतो. वेपमधून येतं ते पाणी नव्हे, आणि त्याने घसा सुकतो. मराठीत तिला वाफ म्हणायची सवय लागली आहे आणि मीही म्हणतेच, पण अर्धा गैरसमज त्या शब्दातूनच आला असावा.

खोकल्याचा पहिला मालक: गेलेली सिगरेट

आपल्या श्वासनळीच्या आतल्या बाजूला सूक्ष्म केसांचं अस्तर असतं. एकेका पेशीवर असे शे-दोनशे केस, आणि ते सेकंदाला दहा-पंधरा वेळा एकाच दिशेने, वर घशाकडे, हलत असतात. त्यांच्यावर कफाचा पातळ चिकट थर. श्वासाबरोबर आत गेलेली धूळ, जंतू, काजळी या थरात अडकते आणि केस ती वर ढकलतात. घशाशी आली की आपण नकळत गिळून टाकतो.

घराचा स्लॅब टाकताना पाहिलंय ना? खाली मिक्सरपासून वर गच्चीपर्यंत माणसांची रांग, आणि काँक्रीटचं घमेलं हातोहात वर जातं. कुणी चालत नाही, फक्त घमेलं चालतं. श्वासनळीतलं काम हुबेहूब असं चालतं, चोवीस तास.

सिगरेटचा धूर या रांगेला खाली बसवतो. केसांची हालचाल मंदावते, वर्षानुवर्षं ओढणाऱ्याचे केस आखूड होतात, काही ठिकाणी पार झडतात. उलट धुराने चिडून कफ मात्र जास्त तयार होतो. म्हणजे माल वाढला आणि हमाल बसले. मग तो कफ वर आणायला एकच मार्ग उरतो, खोकून काढायचा. ओढणाऱ्यांचा तो सकाळचा ठरलेला खोकला यातूनच येतो. रात्री सात-आठ तास धूर मिळत नाही, केस जरा सावरतात, आणि उठल्यावर रात्रभर साठलेलं सगळं एकदम वर यायला बघतं.

आता सिगरेट थांबली. काही दिवसांतच केस पुन्हा हलायला लागतात. बसलेली रांग उठून उभी राहते, आणि तिच्या पायाशी पडून राहिलेला महिनोन्महिन्यांचा राडारोडा वर यायला सुरुवात होते. पहिले काही आठवडे खोकला वाढतो तो यामुळे. हा खोकला ओला असतो, त्यात कफ पडतो, कधी करडा-तपकिरीही. सकाळी जास्त, दिवसा कमी. माणसाने सिगरेट सोडून वेप धरली काय, निकोटीनचा च्युइंगगम धरला काय, की काहीच न धरता सोडली काय, हा येऊ शकतो. वेप फक्त हातात सापडते म्हणून आळ तिच्यावर येतो.

याच काळात आणखी दोन गोष्टी होतात आणि त्याही वेपच्या नावावर जमा होतात. काहीजणांना सिगरेट सोडल्यावर पहिल्या पंधरवड्यात तोंडात फोड येतात, आणि सर्दी होईल असं वाटणारा घसा होतो. वेपला कधी हात न लावलेल्यांनाही हे झालेलं नोंदलं गेलं आहे.

आणि एक गंमत. नेहमी धूम्रपान करणाऱ्याच्या घशाची ठसका लागण्याची तयारी बोथट झालेली असते. हे मोजायची पद्धत आपल्या स्वयंपाकघरातल्यासारखीच आहे: मिरचीतला तिखटपणा, म्हणजे कॅप्सेसिन, फवाऱ्यातून हुंगायला देतात आणि किती मात्रेला खोकला येतो ते बघतात. ओढणाऱ्यांना खोकला यायला जास्त मात्रा लागते. सिगरेट सोडली की दोनेक आठवड्यांतच ही संवेदना परत येऊ लागते. म्हणजे झोपलेला पहारेकरी जागा झाला आणि आता तो प्रत्येकाला हटकणार, वेपलासुद्धा.

दुसरा मालक: द्रव

काकांचा खोकला मात्र पुरता ओला नव्हता. सकाळी कफ पडत होता, ते ठीक. पण दिवसभर कोरडी ढास, जीभ टाळूला चिकटलेली, बसमध्ये प्रवाशाला तिकीट सांगतानाही आवाज फाटतोय. हा दुसरा मालक.

प्रॉपिलीन ग्लायकॉल पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत मीठ ओलं का होतं? हवेतलं पाणी शोषून घेतं म्हणून. घशात हा पदार्थ तेच करतो, फक्त पाणी हवेतलं नसून तुमच्या घशाच्या अस्तरावरचं असतं. नाटकाच्या रंगमंचावर धुकं सोडायच्या यंत्रातही बहुतेक हेच ग्लायकॉल असतं, आणि त्या धुक्यात रोज काम करणाऱ्या नटांना आणि तंत्रज्ञांना घसा कोरडा पडण्याचा, चुरचुरण्याचा त्रास होतो हे वेप यायच्या आधीपासून माहीत आहे. "पण हे तर औषधांत, केकमध्ये असतं," असं बाटलीवरचं वाचून लोक म्हणतात. असतं. खायला चालतं ते ओढायला चालतंच असं नाही. साखर खातो म्हणून कुणी ती नाकात घालत नाही.

ग्लिसरीन घशाला मऊ, चवीला गोडसर, पण दाट. त्याचे ढग मोठे निघतात. बाटलीवर दोघांचं प्रमाण लिहिलेलं असतं: पन्नास-पन्नास, किंवा सत्तर टक्के ग्लिसरीन. ज्यांचा घसा फार सुकतो त्यांना मी जास्त ग्लिसरीनवालं बघायला सांगते, पण सोबत एक अट असते. छोट्या पॉडच्या बारीक कापसात दाट द्रव वेळेवर झिरपत नाही. मग कापूस कोरडा पडतो आणि दुखणं बदलतं. त्याकडे येतेच.

निकोटीनचंही असंच. सुट्ट्या निकोटीनचा स्वभाव अल्कलीचा, ते घशातल्या मज्जातंतूंना टोचतं. झुरक्याबरोबर घशाला जो टोला बसतो तो बराचसा त्याचा, आणि ओढणाऱ्याला तो हवाही असतो, त्याशिवाय "काही ओढल्यासारखं वाटत नाही". हल्ली निकोटीनमध्ये बेन्झोइक आम्लासारखं एखादं आम्ल घालून त्याचा क्षार करतात. तो घशाला मऊ लागतो, त्यामुळे जास्त ताकदीचं निकोटीन न खोकता आत जातं. सिगरेट सोडणाऱ्याला हे सोयीचं आहे. पण ज्याने कधी सिगरेट ओढली नाही अशा सोळा वर्षांच्या पोरालाही ते तितकंच सोयीचं आहे, आणि ही सोय मला अजिबात आवडत नाही. ब्रिटनमध्ये मिलिलीटरला 20 मिलिग्रॅम ही निकोटीनची वरची मर्यादा आहे.

इथे माझ्या गिऱ्हाइकांची नेहमीची चूक येते. घसा दुखतोय, मग निकोटीन कमी करू, म्हणून ते 20 वरून थेट 3 वर उडी मारतात. शरीराला लागतं तेवढं निकोटीन मिळत नाही, म्हणून दिवसभर झुरक्यावर झुरका. निकोटीन कमी, पण ग्लायकॉल तिप्पट. घसा आणखी सुकतो. वर तलफ भागत नाही म्हणून संध्याकाळी दोन सिगरेटी होतातच. दिवसाला पाकीट ओढणाऱ्याने सुरुवातीला निकोटीन पुरेसं घ्यावं, हे ऐकायला उलटं वाटतं, पण घशासाठीही बऱ्याचदा तेच बरं पडतं.

चवींबद्दल थोडक्यात. दालचिनीच्या चवीतला सिनॅमाल्डिहाइड प्रयोगशाळेत श्वासनळीच्या पेशींवर टाकला तर ते सूक्ष्म केस मंदावतात, हे दाखवलं गेलं आहे. मेन्थॉल घशाला गारवा देऊन जळजळ लपवतो, बरी करत नाही. फार गोड द्रवात सुक्रालोज असतं, ते कॉइलवर पाकासारखं जळून बसतं. घसा धरला असेल तर पहिल्यांदा चव बदला, साधी करा. हा उपाय इतका स्वस्त आहे की लोकांचा त्यावर विश्वास बसत नाही.

तिसरा मालक: करपलेल्या तेलाचा वास

"काका, एक झुरका मारून दाखवा," मी म्हणाले. म्हणजे दुकानाबाहेर, फुटपाथवर.

त्यांनी वेप ओठांत धरली आणि सिगरेटसारखा, गाल आत जातील असा, झटक्यात कश घेतला. टोकाकडून चरचर आवाज आला, त्यांनी तोंड वाकडं केलं आणि पुन्हा खोकले. जळका वास माझ्यापर्यंत आला.

"कॉइल कधी बदललीय?"

"ती बदलायची असते?"

कढईत तेल जास्त तापून धूर सुटला की डोळे चुरचुरतात, घशात काहीतरी टोचतं, सगळं घर खोकतं. त्या धुरातला टोचणारा पदार्थ अ‍ॅक्रोलीन. तेलातलं ग्लिसरीन फार तापून फुटलं की तो तयार होतो. वेपमध्ये ग्लिसरीन आहेच. कापूस ओला असतो तोवर तापमान आवाक्यात राहतं. कापूस कोरडा पडला की कॉइल बेफाम तापते, आणि अ‍ॅक्रोलीन, फॉर्माल्डिहाइड असले पदार्थ एकदम वाढतात. वेपवाले याला ड्राय हिट म्हणतात. तो झुरका इतका घाण लागतो की माणूस सहसा दुसरा घेत नाही. पण काका नऊ दिवस तोच घेत होते, कारण त्यांना वाटलं, वेप अशीच लागते.

म्हणून थोडं यंत्राचं. कॉइल साधारण आठवड्या-दोन आठवड्यांनी बदलायची, गोड द्रव असेल तर आधीच. नवी कॉइल बसवून द्रव भरला की दहा मिनिटं हात लावायचा नाही, कापूस भिजू द्यायचा. टाकी तळाला जाऊ द्यायची नाही. आणि झुरका सिगरेटसारखा झटक्याचा नको. सावकाश, तीनेक सेकंद, आधी तोंडात आणि मग आत. जोरात ओढलं तर कच्च्या द्रवाचे गरम थेंबच घशावर येऊन आदळतात. मोठ्या ढगांची यंत्रं थेट छातीत ओढायची असतात. सिगरेटवरून नुकत्याच आलेल्या माणसाने ती घेतली तर पहिल्याच दिवशी खोकून खोकून बेजार होतो.

हे कितीजणांना होतं?

बऱ्याच जणांना. 2019 मध्ये "न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन"मध्ये इंग्लंडातला एक मोठा प्रयोग छापून आला. सिगरेट सोडू पाहणाऱ्या 886 लोकांपैकी अर्ध्यांना वेप दिली, अर्ध्यांना निकोटीनचे पॅच, च्युइंगगम वगैरे. वेपच्या गटात 65 टक्के लोकांनी घशाची किंवा तोंडाची जळजळ सांगितली. पण दुसऱ्या गटातही 51 टक्क्यांनी सांगितली! मळमळ तर पॅच-गमवाल्यांनाच जास्त होती. आणि वर्षभराने पाहिलं तेव्हा, सुरुवातीच्या तुलनेत खोकला आणि कफ वेपच्या गटात जास्त कमी झाला होता. वर्षभर सिगरेट सोडून राहिलेले वेपच्या गटात 18 टक्के, दुसऱ्या गटात 9.9.

त्याच प्रयोगातला आणखी एक आकडा वेपवाले सहसा सांगत नाहीत. वेपवर सिगरेट सोडलेल्यांपैकी 80 टक्के लोक वर्षानंतरही वेप ओढतच होते. सिगरेट सुटली, निकोटीन नाही.

इतर अभ्यासांतही चित्र असंच आहे. घसा-तोंडाची जळजळ, खोकला, डोकेदुखी, मळमळ हे नेहमीचे त्रास. वापरत राहिल्यावर बहुतेकांचे ते ओसरतात. न ओसरणारे असतात त्यांनी द्रव, चव, यंत्र बदलून बघावं, आणि तरीही घसा ऐकत नसेल तर पॅचवर यावं. वेपशी लग्न लागलेलं नाही.

दमा असलेल्यांचं मात्र जपून. एकाला सिगरेट गेल्यावर दमा हलका वाटतो, दुसऱ्याला वेपच्या पहिल्याच झुरक्याला छाती आवळल्यासारखी होते. पंप जवळ ठेवायचा, शिट्टी वाजायला लागली तर वेप बाजूला आणि डॉक्टरांकडे.

आणि जे दिवसा वेप, रात्री सिगरेट असं दोन्ही चालवतात, त्यांना ना रांग उभी राहिल्याचा फायदा, ना घसा सुटल्याचा. रोज रात्री हमाल पुन्हा खाली बसतात. या मंडळींची तक्रार सगळ्यात लांबते.

चौथा मालक असू शकतो

वेपच्या खोकल्याबद्दल मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती याची: वेपचाच असेल म्हणून माणूस गप्प बसतो. तीस वर्षं सिगरेट ओढलेल्या माणसाच्या छातीत कॅन्सर असू शकतो, सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार, असू शकतो. इंग्लंडात तीन आठवड्यांच्या वर खोकला राहिला तर डॉक्टरकडे जा असं सांगतात. भारतात तर दोन आठवड्यांच्या वर खोकला म्हणजे थुंकीची तपासणी करून क्षयरोग नाही याची खात्री करायची, हा सरकारी कार्यक्रमाचाच नियम आहे. थुंकीत रक्त, बसल्या जागी धाप, छातीत दुखणं, कारण नसताना वजन उतरणं, आठवडे उलटूनही न सुटलेला घोगरा आवाज, यातलं काहीही दिसलं तर कॉइल बदलत बसू नका.

खोकला, धाप आणि त्यासोबत ताप, उलट्या-जुलाब असतील आणि वेप कुठून तरी आलेली, बिनलेबलची असेल, तर त्याच दिवशी हॉस्पिटल. 2019 च्या उन्हाळ्यात अमेरिकेत धडधाकट तरुण पोरं अशी अतिदक्षता विभागात येऊ लागली. फेब्रुवारी 2020 पर्यंत 2807 रुग्णांची नोंद झाली, 68 दगावले. मुख्य दोषी निघाला व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट. गांजाच्या अर्काचा द्रव दाट दिसावा म्हणून काळ्या बाजारातले लोक तो त्यात मिसळत होते. गोळीतून पोटात गेला तर निरुपद्रवी, फुप्फुसात गेला तर घातक. ब्रिटनमध्ये निकोटीनच्या द्रवात जीवनसत्त्वं घालायला बंदी आहे. टपरीमागच्या पॉडला कुठली बंदी लागू असणार?

"पॉपकॉर्न लंग"बद्दलही विचारतात. त्या नावामागची हकिगत वेपची नाही. 2000 मध्ये अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या कारखान्यातल्या आठ माजी कामगारांची फुप्फुसं खराब झाल्याचं उघड झालं. लोण्याच्या वासासाठी वापरलेलं डायअ‍ॅसिटाइल ते रोज हुंगत होते. पुढे तेच रसायन वेपच्या काही चवींत सापडलं. ब्रिटनमध्ये ते द्रवात घालायला बंदी आहे, आणि सिगरेटच्या धुरात ते असतंच.

मग वेप सुरक्षित का? ओढणाऱ्यासाठी सिगरेटपेक्षा कितीतरी कमी घातक, हे मला पटतं. किंग्ज कॉलेज लंडनच्या अभ्यासकांनी 2022 मध्ये सगळा पुरावा चाळून हेच म्हटलं, पण त्यांचे शब्द "नजीकच्या आणि मध्यम काळात" असे होते. ही वस्तू चीनमधल्या होन लिक नावाच्या औषधनिर्मात्याने 2003 मध्ये काढली. सिगरेटने फुप्फुसाचा घात करायला तीस-चाळीस वर्षं घेतली. वेपला अजून तेवढी मिळालेली नाहीत. म्हणून जो ओढतच नाही त्याने "नुसती चव बघू" म्हणून हात लावण्याचं कारण मला सापडत नाही.

काकांचं पुढे

त्या दिवशी मी त्यांना नळीत फुंकायला लावलं. श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजायचं हातात मावणारं यंत्र असतं. पंधरा सेकंद श्वास धरायचा आणि सावकाश सोडायचा. सिगरेट सोडायच्या दिवशी आकडा 24 होता. आता 3. दहाच्या खाली म्हणजे धूर आत जात नाही. काकांनी चष्मा वर करून आकडा दोनदा पाहिला.

कॉइल बदलली. मेन्थॉल काढून साधी तंबाखूची चव दिली, निकोटीन 20 वरच ठेवलं. दर स्टॉपवर घोटभर पाणी प्यायला सांगितलं. पंधरा दिवसांनी ढास गेली, सकाळचा कफ महिनाभर चालला आणि मग तोही आटला.

दिवाळीच्या आधी ते पुन्हा आले. पुतणीच्या लग्नाला मिरजेला जायचं होतं, महिनाभर. वेप बॅगेत चालेल का? भारतात आणताच येत नाही म्हटल्यावर जरा बावरले. मी पॅच दिले, वर अडीनडीला च्युइंगगम, आणि वेप घरी स्वयंपाकघराच्या खणात ठेवून जा म्हणाले. पाहुण्यांमध्ये कुणी पाकीट पुढे केलं तर काय, हा खरा प्रश्न होता. त्यावर माझ्याकडे औषध नव्हतं.

परतल्यावर नळीत फुंकले. आकडा 2.

"घसा?"

"घशाचं नका विचारू. लग्नाआधी अंगणात वहिनी मसाल्याच्या मिरच्या भाजत होती. मी आपला नेहमीसारखा शेजारी खुर्ची टाकून बसलेलो. तीस वर्षांत मला कधी काही झालं नव्हतं, सगळे पळायचे आणि मी बसून राहायचो. या वेळी असा ठसका लागला ताई, की मीच पहिला उठून पळालो."